यूडीपीचे पॅकेट कोणत्या पत्त्यावरून आणि कोणत्या पोर्टवरून निघते

यूडीपी ही आधी जोडणी न करता सुटी पॅकेटे पाठवण्याची पद्धत आहे. तिचा हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, जेमतेम ८ बाइटांचा असतो आणि त्यात सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्या प्रोग्रामचा क्रमांक), डेस्टिनेशन पोर्ट (घेणाऱ्याचा क्रमांक), लांबी आणि चेकसम एवढेच चार रकाने असतात. ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ७६८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात यांतला सोर्स पोर्ट चक्क ऐच्छिक ठरवला आहे. तो वापरायचा नसेल तर तिथे शून्य भरावे, असे त्यात म्हटले आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता तर यूडीपीच्या हेडरमध्ये नसतोच, तो खालच्या आयपी हेडरमध्ये असतो. बहुतेक प्रोग्राम पॅकेट कुठे पाठवायचे तेवढे सांगतात आणि कुठून पाठवायचे याबद्दल काहीच बोलत नाहीत. न सांगितलेल्या या दोन गोष्टी, म्हणजे सोर्स आयपी आणि सोर्स पोर्ट, मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या परीने भरतो, आणि पुढे वाटेत नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करणारा राउटर त्या आणखी एकदा बदलू शकतो.

बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागातल्या लहान कारखान्यांचे आणि पतसंस्थांचे नेटवर्क उभारणे व सांभाळणे हे माझे काम आहे. उद्यमबाग असो, मच्छे किंवा होनगा असो, की हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यातले शिनोळी असो, एकाच इंटरनेट लाइनवर भिस्त ठेवायला आता सहसा कोणी तयार नसते. रस्ता खोदताना केबल तुटली की ई-वे बिलापासून सगळे अडते, म्हणून एका कंपनीचे फायबर आणि दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी घेतली जाते. कारखान्याच्या आतही ऑफिसचे नेटवर्क वेगळे आणि मशीनशॉपचे वेगळे ठेवलेले असते. ही सगळी खबरदारी योग्यच आहे, परंतु तिच्यामुळे प्रत्येक सर्व्हरला आणि राउटरला एकापेक्षा जास्त पत्ते येतात, आणि पत्ते जास्त झाले की निघणाऱ्या पॅकेटवर त्यांतला कोणता लिहिला जाणार हा प्रश्न गंभीर होतो. माझे मत असे आहे की पत्ता आपण स्वतः ठरवावा आणि पोर्ट, तसे सबळ कारण नसेल तर, कर्नलवर सोडावा. प्रत्यक्षात नेमके उलटे दिसते. पोर्ट ठोकून बसवलेला असतो आणि पत्ता वाऱ्यावर सोडलेला असतो.

कर्नल पत्ता कसा निवडतो ते आधी पाहू. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कसाठी उघडलेले दार, कोणत्याही विशिष्ट पत्त्याला बाइंड केलेला (बांधलेला) नसेल तर लिनक्स आधी राउटिंग टेबलमध्ये जाण्याचा मार्ग शोधतो. त्या मार्गाला ‘एसआरसी’ म्हणून एखादा पत्ता जोडलेला असेल तर तो घेतला जातो, नसेल तर ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडणार आहे त्या इंटरफेसचा योग्य वाटणारा मुख्य पत्ता घेतला जातो. ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेपुढे पलीकडचा पत्ता लिहिला की कर्नल कोणता मार्ग आणि कोणता सोर्स निवडेल ते लगेच दिसते. या विषयातली ही सर्वांत उपयोगी आज्ञा आहे असे मला वाटते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की कनेक्ट न केलेल्या (पलीकडचा पत्ता पक्का न केलेल्या) सॉकेटवर ही निवड प्रत्येक पॅकेटमागे नव्याने होते, त्यामुळे मार्ग बदलला की त्याच प्रोग्रामचे पुढचे पॅकेट वेगळ्या पत्त्याने निघते. यूडीपी सॉकेटवर कनेक्ट केल्यास पलीकडे काहीही जात नाही, परंतु त्या क्षणी स्थानिक पत्ता आणि पोर्ट पक्के होतात आणि गेटसॉकनेम या फंक्शनने ते वाचताही येतात.

याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो उत्तर देणाऱ्या सर्व्हरवर. समजा एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत, ऑफिसच्या बाजूचे १९२.१६८.१०.५ आणि मशीनशॉपच्या बाजूचे १९२.१६८.२०.५. मशीनशॉपमधल्या एका कॉम्प्युटरला १९२.१६८.२०.४१ हा पत्ता आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारा) म्हणून कुणीतरी १९२.१६८.१०.५ लिहून ठेवले आहे. प्रश्न राउटरमार्गे ऑफिसच्या बाजूने सर्व्हरवर येतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम ०.०.०.० वर, म्हणजे सर्व पत्त्यांवर मिळून एकच सॉकेट उघडून बसला असेल, तर उत्तर पाठवताना तो फक्त ‘२०.४१ ला द्या’ एवढेच सांगतो. कर्नल पाहतो की २०.४१ तर शेजारच्याच कार्डावर आहे, म्हणून उत्तर थेट त्या कार्डातून बाहेर काढतो आणि त्यावर सोर्स म्हणून १९२.१६८.२०.५ लिहितो.

अशा वेळी कॉम्प्युटरच्या बाजूला टीसीपीडंप (तारेवरची पॅकेटे दाखवणारी आज्ञा) लावून बसले की तीन ओळी दिसतात. पहिलीत २०.४१ कडून १०.५ च्या ५३ पोर्टला प्रश्न जातो. दुसरीत २०.५ च्या ५३ पोर्टवरून उत्तर येते, आणि ते मजकुराने अगदी बरोबर असते. तिसऱ्या ओळीत कॉम्प्युटर स्वतःच सर्व्हरला आयसीएमपीचा (अडचण कळवणाऱ्या पॅकेटांचा) ‘पोर्ट अनरीचेबल’ निरोप पाठवतो. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने सॉकेट १०.५ ला कनेक्ट केलेला असल्यामुळे २०.५ कडून आलेल्या पॅकेटला त्या पोर्टवर वाली नसतो. ही तिसरी ओळ पाहून बरेच जण कॉम्प्युटरवरची फायरवॉल तपासायला धावतात, पण दोष दुसऱ्या ओळीतल्या सोर्स पत्त्यात असतो. डीएनएस तपासणारी डिग ही आज्ञा याबाबतीत अधिक बोलकी आहे, कारण अपेक्षित पत्त्याऐवजी दुसऱ्याच पत्त्यावरून उत्तर आले असे ती दोन्ही पत्ते देऊन सांगते. हाच सर्व्हर टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी करून बोलण्याच्या पद्धतीवर, मात्र बिनतक्रार चालतो, कारण टीसीपीची जोडणी आपले दोन्ही पत्ते पहिल्या पॅकेटपासून लक्षात ठेवते. याच मांडणीत आरपी फिल्टर (पॅकेट योग्य कार्डावरून आले का ते तपासणारी सोय) १ वर, म्हणजे कडक, ठेवलेला असेल तर लक्षण आणखी वेगळे दिसते. २०.४१ चे पॅकेट ऑफिसच्या कार्डावरून आत आलेले कर्नलला पटत नाही आणि प्रश्न प्रोग्रामपर्यंत पोचण्याआधीच टाकून दिला जातो.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की आलेले यूडीपी पॅकेट कोणत्या पत्त्याला उद्देशून होते हे अनुप्रयोगाला कळवलेच पाहिजे, आणि जाणाऱ्या पॅकेटचा सोर्स पत्ता ठरवण्याची मुभाही अनुप्रयोगाला असलीच पाहिजे. ज्या पत्त्यावर प्रश्न आला त्याच पत्त्यावरून उत्तर जावे, हेही तिथेच सांगितले आहे. मूळ सॉकेट मांडणीत यासाठी सोय नव्हती, म्हणून ती नंतर जोडावी लागली. लिनक्सवर ‘आयपी पीकेटीइन्फो’ हा पर्याय सॉकेटवर चालू केला की रिसीव्ह-मेसेज करताना प्रत्येक पॅकेटसोबत तो कोणत्या इंटरफेसवर आणि कोणत्या पत्त्यासाठी आला याची माहिती मिळते, आणि सेंड-मेसेज करताना तीच माहिती परत जोडून त्या एका पॅकेटपुरता सोर्स ठरवता येतो. फ्रीबीएसडीवर हेच काम घेताना आणि पाठवताना अशा दोन वेगवेगळ्या पर्यायांनी होते. आयपीव्ही६ साठी, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीसाठी, २००३ च्या आरएफसी ३५४२ ने ही सोय एकसारखी करून टाकली.

दुसरा, जुना आणि सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा सॉकेट उघडणे. बाइंड हा डीएनएस सर्व्हर हेच करतो आणि नवे पत्ते आले का ते ठराविक वेळाने तपासतो. अनबाउंडमध्ये मात्र ‘इंटरफेस ऑटोमॅटिक’ चालू केल्यास पहिल्या प्रकारचा उपाय वापरला जातो. स्वतः यूडीपी सेवा लिहिणाऱ्यांनी या दोहोंपैकी एक उपाय पहिल्या दिवसापासून घालावा असा माझा आग्रह आहे, कारण एका कार्डाच्या चाचणी-यंत्रावर हा दोष कधीच दिसत नाही. दुसरे कार्ड बसते ते गिऱ्हाइकाच्या जागी.

आता प्रश्न विचारणाऱ्या बाजूकडे वळू. इथे पत्ता हीच ओळख असते. रेडियस, म्हणजे लॉगिनची परवानगी देणाऱ्या, सर्व्हरकडे कोणत्या पत्त्याच्या उपकरणाला कोणता गुप्त शब्द दिला आहे याची यादी असते, आणि यादीत नसलेल्या पत्त्याकडून विनंती आली तर ती निमूटपणे टाकून द्यावी असे आरएफसी २८६५ सांगते. नकार कळवायचा नाही, उत्तरच द्यायचे नाही. एखाद्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय बेळगावात आणि शाखा निपाणी, खानापूर व चंदगडला आहेत असे धरू. शाखेतल्या राउटरला स्थानिक नेटवर्कचा एक पत्ता, व्हीपीएन बोगद्याचा (कार्यालयांना जोडणाऱ्या खासगी मार्गाचा) दुसरा आणि इंटरनेट लाइनचा तिसरा असे किमान तीन पत्ते असतात. राउटर स्वतः निर्माण करतो ती पॅकेटे, म्हणजे रेडियस, सिसलॉग (घडामोडींच्या नोंदी) आणि एसएनएमपी ट्रॅप (बिघाडाचे इशारे), बोगद्यातून निघताना बोगद्याचा पत्ता घेऊन निघतात. मुख्य कार्यालयाच्या यादीत मात्र स्थानिक नेटवर्कचा पत्ता लिहिलेला असतो. शाखेतून पिंग जाते, फाइली उघडतात, फक्त वायफायचे लॉगिन होत नाही. सिसलॉगच्या बाबतीत तर अडले आहे हेही कळत नाही. नोंदी वेगळ्याच नावाखाली साठत राहतात आणि चौकशीच्या दिवशी निपाणीच्या फाइलीत काहीच सापडत नाही.

म्हणून मी प्रत्येक शाखेच्या राउटरला लूपबॅकवर, म्हणजे कोणत्याही केबलला न जोडलेल्या आतल्या इंटरफेसवर, एक कायमचा पत्ता देतो, तो व्हीपीएनवर पोचेल अशी सोय करतो, आणि राउटरकडून जाणाऱ्या सर्व व्यवस्थापकीय यूडीपीचा सोर्स तोच ठरवतो. लाइन कोणतीही असो, बोगदा कोणताही असो, मुख्य कार्यालयाला तो राउटर एकाच पत्त्याने दिसतो. सिस्कोसारख्या राउटरवर प्रत्येक सेवेसाठी सोर्स इंटरफेस सांगता येतो. लिनक्सवर घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीमध्ये, नेट-एसएनएमपीमध्ये, आर-सिसलॉगच्या नव्या आवृत्त्यांमध्ये आणि फ्री-रेडियसच्या प्रॉक्सी मांडणीत स्थानिक पत्ता सांगण्याची सोय आहे. ज्या प्रोग्राममध्ये ती नाही त्याच्यासाठी त्या एका मार्गावर ‘एसआरसी’ लिहिणे हा सरळ उपाय आहे. फायरवॉलमध्ये एसनॅट करून पत्ता बदलणे हा शेवटचा उपाय मी मानतो, कारण तेव्हा प्रोग्रामला वाटणारा पत्ता आणि तारेवरचा पत्ता वेगळे होतात आणि नंतर तपास करणाऱ्याला दोन्हीकडे पाहावे लागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सॉकेट एखाद्या लाइनच्या पत्त्याला बाइंड केला म्हणजे पॅकेट त्याच लाइनने जाईल असे नाही. पत्ता आणि मार्ग या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन लाइनी असताना ‘आयपी रूल’ वापरून या पत्त्यावरून निघणाऱ्यांसाठी हे टेबल आणि त्या पत्त्यावरून निघणाऱ्यांसाठी ते टेबल असे सांगितले नाही, तर पहिल्या लाइनचा पत्ता लावलेले पॅकेट मुख्य टेबलप्रमाणे दुसऱ्या लाइनने बाहेर पडू शकते. पलीकडची कंपनी मे २००० च्या आरएफसी २८२७ मध्ये सांगितल्याप्रमाणे आपल्या गिऱ्हाइकांकडून आलेले परके पत्ते अडवत असेल, तर ते पॅकेट तिथेच संपते. अशी अडवणूक व्हायलाच हवी, कारण खोट्या सोर्स पत्त्याच्या यूडीपी पॅकेटांवरच उत्तरांचा भडिमार करणारे हल्ले उभे राहतात. उलट बाजूनेही चूक होते. फायरवॉलमध्ये पॅकेटवर खूण करून मार्ग वळवला तर मार्ग बदलतो, परंतु सोर्स पत्ता खूण होण्याआधीच निवडलेला असल्यामुळे तो जुनाच राहतो. खूण करून मार्ग वळवणाऱ्याने त्यासोबत एसनॅटही करावा लागतो.

लाइन बदलण्याच्या क्षणी यूडीपीचे काय होते हा भाग मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या भागातल्या तक्रारींपैकी नेहमीची तक्रार इथलीच आहे. फायबर तुटले, राउटर पर्यायी लाइनवर गेला, ब्राउझर चालू झाला, मेल जाऊ लागली, पण आयपी फोन मुकेच राहिले. कारण कॉनट्रॅकमध्ये, म्हणजे राउटरच्या प्रवाह-नोंदवहीत, आहे. राउटर प्रत्येक यूडीपी प्रवाहाची नोंद ठेवतो, आणि तिच्यात आतला पत्ता व पोर्ट, बाहेरचा पत्ता व पोर्ट आणि नॅट करून दिलेला पत्ता असतो. लिनक्समध्ये उत्तर न मिळालेली नोंद डिफॉल्टने ३० सेकंद टिकते, परंतु प्रत्येक नव्या पॅकेटने ही मुदत पुन्हा सुरू होते. ब्राउझर दर वेळी नव्या सोर्स पोर्टवरून नवी जोडणी करतो, म्हणून त्याला नवी नोंद आणि नव्या लाइनचा पत्ता मिळतो. फोन मात्र ५०६० या एकाच सोर्स पोर्टवरून त्याच सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि ही विचारणा ३० सेकंदांच्या आत होत असल्यामुळे जुनी नोंद कधी मरतच नाही. पॅकेटे नव्या लाइनने, पण जुन्या लाइनचा पत्ता लावून बाहेर पडत राहतात. मास्करेड (बाहेरच्या इंटरफेसचा पत्ता आपोआप लावणारा नॅट) वापरला असेल आणि राउटरचा इंटरफेस खरोखर बंद पडला तर त्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. परंतु तुटलेली असते ती रस्त्यावरची तार, आपल्या भिंतीवरचा फायबरचा डबा राउटरशी जोडलेलाच असतो, म्हणून राउटरच्या दृष्टीने इंटरफेस चालूच असतो. उपाय एका ओळीचा आहे. लाइन बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘कॉनट्रॅक डिलीट’ घालून त्या लाइनच्या पत्त्याच्या यूडीपी नोंदी पुसाव्यात. ही ओळ घातली की फोनांनी पुढची विचारणा करताच ते नव्या पत्त्याने नोंदले जातात.

पोर्टच्या बाबतीत माझा सल्ला याच्या अगदी उलट आहे. लिनक्स न सांगितलेला पोर्ट ३२७६८ ते ६०९९९ या पल्ल्यातून निवडतो, म्हणजे २८,२३२ पोर्ट उपलब्ध असतात. ही अनिश्चितता म्हणजे एक संरक्षण आहे हे २००८ मध्ये साऱ्या जगाला कळले, जेव्हा डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले की डीएनएस सर्व्हर आपले प्रश्न ठराविक पोर्टवरून पाठवत असेल तर त्याच्या साठ्यात खोटी उत्तरे घुसवणे किती सोपे आहे. प्रश्नाचा ओळख क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता, आणि हल्लेखोराला पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येत असतील तर ही संख्या फार लहान आहे. पोर्टही दर वेळी वेगळा असेल तर वरच्या पल्ल्यानुसार शक्यता सुमारे १८५ कोटींवर जातात. जानेवारी २००९ च्या आरएफसी ५४५२ ने हा नियम केला, आणि घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीच्या विचारणाऱ्या बाजूलाही १२३ पोर्ट सोडून यादृच्छिक पोर्ट वापरण्याचा सल्ला ऑगस्ट २०२१ च्या आरएफसी ९१०९ ने दिला.

तरीही जुन्या डीएनएस सर्व्हरवर ‘क्वेरी-सोर्स’ या ओळीत पोर्ट ५३ लिहिलेला अजून सापडतो, कारण कधीकाळी फायरवॉलमधून फक्त तेवढाच पोर्ट सोडलेला असतो. ती ओळ सापडली तर पत्ता राहू द्यावा, पोर्ट काढून टाकावा, आणि फायरवॉलने उत्तरे प्रवाहाच्या नोंदीवरून ओळखावीत. सर्व्हरने पोर्ट उत्तम निवडले तरी वाटेतला जुना राउटर नॅट करताना ते ओळीने १, २, ३ असे लावत असेल तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पोर्टची तपासणी राउटरच्या बाहेरच्या बाजूने करावी.

पोर्ट ठरवावाच लागतो अशा जागा थोड्या आहेत. डीएचसीपीत (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) ६७ आणि ६८ हे नियमानेच ठरलेले आहेत. फोनच्या आवाजासाठी पल्ला ठरवावा लागतो; ॲस्टेरिस्कच्या नमुना मांडणीत तो १०००० ते २०००० असतो, आणि तोच पल्ला फायरवॉलमध्ये लिहावा लागतो. एकाच राउटरमागचे दोन फोन ५०६० वरूनच निघाले तर राउटर एकाचा पोर्ट तसाच ठेवतो आणि दुसऱ्याचा बदलतो, म्हणून सर्व्हरने फोन सांगतो त्या पोर्टवर नव्हे तर पॅकेट जिथून आले त्या पोर्टवर उत्तर द्यावे लागते. आरएफसी ३५८१ मधला ‘आरपोर्ट’ त्यासाठीच आहे. टीएफटीपी (फाइली पाठवण्याची एक साधी पद्धत) याहून निराळा वागतो. प्रश्न ६९ ला जातो आणि उत्तर मुद्दाम नव्याच पोर्टवरून येते, त्यामुळे फायरवॉलला खास मदतनीस मॉड्यूल लागते. ठराविक पोर्टावर चालणारी सेवा ३२७६८ च्या वरच्या पल्ल्यात ठेवायची असेल तर तो पोर्ट राखीव यादीत टाकावा, नाहीतर यंत्र सुरू होताना एखादा दुसराच प्रोग्राम तो आधी घेऊन बसतो आणि सेवा उभीच राहत नाही.

आयपीव्ही६ वर पत्त्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण एकाच कार्डाला अनेक पत्ते असणे तिथे नेहमीचेच आहे. निवडीचे नियम २०१२ च्या आरएफसी ६७२४ मध्ये आहेत आणि त्यांनुसार तात्पुरत्या पत्त्याला पसंती मिळते. तो पत्ता लिनक्सच्या डिफॉल्टप्रमाणे एका दिवसाने मागे पडून नवा येतो. पलीकडच्या परवानगी यादीत पत्ता लिहून द्यायचा असेल त्या यंत्रावर तात्पुरते पत्ते बंद करावेत किंवा प्रोग्रामला कायमचा पत्ता बाइंड करून द्यावा.

काम पूर्ण झाल्यावर चाचणी कशी घ्यावी हेही सांगतो. राउटरमधली केबल काढून लाइन बदलते का हे पाहणे पुरेसे नाही, कारण त्याने इंटरफेस बंद पडतो आणि खरा बिघाड उभाच राहत नाही. भिंतीवरच्या डब्यातून फायबर काढावे आणि राउटरकडे जाणारी केबल तशीच ठेवावी. त्याआधी पर्यायी लाइनच्या इंटरफेसवर टीसीपीडंप फक्त यूडीपीपुरता लावून ठेवावा, आणि लाइन बदलल्यानंतरचे प्रत्येक पॅकेट सोर्ससकट वाचावे. डीएनएसच्या ओळींत दर वेळी वेगळा पोर्ट दिसला पाहिजे, फोनांच्या ओळींत नव्या लाइनचा पत्ता दिसला पाहिजे, आणि जुन्या लाइनचा पत्ता असलेली एकही ओळ दिसता कामा नये. शाखेचा सिसलॉग बोगद्याच्या आतून जात असल्यामुळे तो या इंटरफेसवर दिसणार नाही. त्यासाठी मुख्य कार्यालयात दुसरा टीसीपीडंप लावावा आणि तिथे तोच लूपबॅकचा पत्ता येत राहतो का ते पाहावे.